हरणं सोडून देतात ती झाडं: बाबांच्या वाटेच्या नोंदी

९ जानेवारी

सकाळी सव्वासहाला बाबा दार उघडून पायरीवर थांबले होते. रोज त्या वेळेला ते बागेतल्या वाटेने बाकापर्यंत जातात, पाच मिनिटं बसतात, परत येतात. आज पुढे गेलेच नाहीत. "गुलाब कुठे गेले गं?" त्यांनी विचारलं. मी बॅटरी घेऊन गेले. उजवीकडच्या वाफ्यातले अकराच्या अकरा गुलाब ओरबाडलेले. कळ्या नाहीत, पानं नाहीत, काटे मात्र जागच्या जागी. डावीकडे पॅन्सी होत्या, तिथे नुसती माती.

बाबांना काचबिंदू आहे. डाव्या डोळ्याला उजेड-अंधार कळतो, उजव्याला समोरचं थोडंसं, तेही धुकट. वाट बेचाळीस फुटांची आहे आणि ती त्यांनी वासावर पाठ केली आहे: पायरीशी मोगरा, मध्ये गुलाब, बाकाशी लिंबू. गुलाब गेले म्हणजे मधली वीस-बावीस फुटं त्यांच्यासाठी कोरी झाली. तिथे पुन्हा काहीतरी उभं करायचं आहे, आणि ते हरणांनी सोडून द्यायला हवं. त्यासाठी ही वही.

११ जानेवारी

हरणांनीच खाल्लं ना, याची आधी खात्री करून घेतली. ओल्या मातीत दोन भागांचे, पुढे निमुळते होत गेलेले खूर उमटले होते. कडेला काळसर लेंड्या. पण सगळ्यात चांगला पुरावा देठावर मिळाला. हरणाला वरच्या जबड्यात पुढचे दात नसतात, तिथे फक्त कडक हिरडी असते. खालचे दात आणि वरची हिरडी यांच्यात फांदी धरून ते हिसका देतं. त्यामुळे टोक फाटतं, सालीचे धागे लोंबतात. ससा वरखाली दोन्हीकडे दात असलेला, तो सिकेटरने, म्हणजे छाटणीच्या कात्रीने, छाटावं तसा तिरका, साफ काप घेतो. शिवाय ससा अडीच-तीन फुटांवर पोचत नाही.

एक फाटका देठ आणि एक मी सिकेटरने कापलेला, असे दोन्ही बाबांच्या हातात दिले. त्यांनी अंगठा फिरवला. "हा कापलाय. आणि हा ओढून तोडलाय, याचे दोरे लागतायत हाताला." दोन-तीनदा पुन्हा फिरवला. मग तो फाटका देठ खिशात घालून आत गेले.

१५ जानेवारी

कुंपणाचा विचार करून झाला. उडी मारणाऱ्या हरणाला अडवायचं तर आठ फूट, म्हणजे साधारण २.४ मीटर उंची लागते. पाच फुटांचं कुंपण ते सहज ओलांडतं. दुसरा मार्ग म्हणजे चार-पाच फुटांची दोन कुंपणं, मध्ये चार-पाच फुटांची जागा सोडून. उंची आणि रुंदी दोन्ही एका उडीत पार करणं हरणाला जमत नाही आणि मधल्या अरुंद पट्ट्यात उतरायला ते धजत नाही. पण आमची झुडपांकडची बाजू ही सगळ्यांच्या जाण्यायेण्याची पायवाट आहे, ती बंद करता येणार नाही. आणि दुहेरी कुंपण घातलं तर वाफेच उरणार नाहीत.

उरलेल्या दोन गुलाबांच्या कलमांना कुंडीत हलवून गच्चीवर नेलं. ते तिथेच राहतील. खालच्या वाटेसाठी झाडंच वेगळी निवडायची.

२१ जानेवारी

हरणं कोणती झाडं खातात आणि कोणती टाळतात, याच्या याद्या वाचल्या. अमेरिकेतल्या न्यू जर्सीच्या रटगर्स विद्यापीठाची यादी मला सगळ्यात कामाची वाटली, कारण ती प्रामाणिक आहे. तिच्यात चार वर्ग आहेत: क्वचितच नुकसान होणारी, सहसा मोठं नुकसान न होणारी, अधूनमधून मोठं नुकसान होणारी आणि वारंवार मोठं नुकसान होणारी. हरीण कधीच खात नाही असा पाचवा वर्ग नाही. भुकेलं हरीण जवळजवळ काहीही खातं. तरी निवड केली तर रोजच्या नुकसानीत जमीन-अस्मानाचा फरक पडतो.

यादी पाठ करण्यापेक्षा कारणं समजून घेतली, कारण यादीतली सगळी झाडं सगळीकडे मिळत नाहीत. हरीण रवंथ करणारं जनावर आहे. त्याच्या पोटाच्या पहिल्या कप्प्यात जिवाणूंची अख्खी वस्ती असते, चारा खरा पचवतात ते जिवाणू. रोझमेरी, लॅव्हेंडर, सेज यांच्या पानांतली सुगंधी तेलं जास्त पोटात गेली तर त्या जिवाणूंचंच काम मंदावतं. म्हणून हरीण नाकानेच ठरवतं आणि तोंड फिरवतं. पानातला तुरटपणा म्हणजे टॅनिन. त्यावर हरणाकडे थोडा उपाय आहे, त्याच्या लाळेतली काही प्रथिनं टॅनिनला बांधून टाकतात, म्हणून नुसत्या तुरट झाडावर भिस्त ठेवता येत नाही. बाकी मग चीक, लव, काटे, चामड्यासारखं जाड पान. अळूसारख्या पानात कॅल्शियम ऑक्झलेटचे सुईसारखे स्फटिक असतात, तेच आपल्या घशाला खवखव आणतात.

एका गोष्टीने मात्र मी थबकले. यू नावाचं सूचिपर्णी झाड घोड्यांना आणि गुरांना मारक आहे, थोड्याशा पाल्यानेही जनावर दगावतं. हरणं तेच आवडीने खातात. तेव्हा विषारी झाड म्हणजे हरीण लांब राहणार, हा हिशेब कच्चा आहे.

फुलांच्या रंगाचाही काही उपयोग नाही. शेजारच्या काकू म्हणत होत्या, लालभडक फुलं लाव, घाबरतील. हरणाला निळा रंग चांगला दिसतो, पण लाल आणि केशरी आपल्याला दिसतात तसे वेगळे दिसत नाहीत. काकूंना हे सांगितलं. त्या म्हणाल्या, "मग अगं, नाकावरच धर." तेच करणार आहे.

२८ जानेवारी

बाबांना रोपवाटिकेत घेऊन गेले. त्यांना रांगेने एकेका कुंडीशी नेलं. पद्धत आम्ही दोघांनी ठरवलेली: पान बोटांत चुरडायचं, वास घ्यायचा, मग वीसपर्यंत मोजून रिकामी बोटं पुन्हा हुंगायची. वास बोटांवर टिकला तर झाड यादीत.

रोझमेरी टिकली. लॅव्हेंडर टिकलं. सेज टिकलं, बाबांना ते कापरासारखं वाटलं. नेपेटा हे पुदिन्याच्या कुळातलं रोप, त्याला पुदिन्याच्या जवळचा पण थोडा कडवट वास, तोही टिकला. गवती चहा तर बाबांनी हात लावायच्या आधीच ओळखला. लँब्ज इअर, म्हणजे कोकराचा कान, त्याला वास फारसा नाही, पण पानावर इतकी दाट पांढरी लव की बाबा ते पान गालाला लावून उभे राहिले. ही लव हरणाच्या जिभेला नको असते.

मग एका कोपऱ्यातली साधीशी दिसणारी कुंडी. पानं कातरलेली, हिरवी, फुलं बारीक आणि फिकट. बाबांनी पान चुरडलं आणि काही बोललेच नाहीत. मला वाटलं आवडलं नाही. मग म्हणाले, "अगं, हा गुलाब आहे."

तो गुलाब नव्हता. गुलाबाच्या वासाचं जिरेनियम होतं, पेलार्गोनियम. गुलाबाच्या तेलात जिरेनिऑल आणि सिट्रोनेलॉल ही जी सुगंधी द्रव्यं असतात, ती याच्या पानांत असतात. अत्तराच्या धंद्यात महागड्या गुलाबतेलाला पूरक म्हणून हेच तेल वापरतात. गुलाबाला वास फुलात असतो, पान साधं आणि कोवळं, म्हणून हरणाला गुलाब म्हणजे नुसता पाला. याचा वास पानातच भरलेला. सहा कुंड्या घेतल्या.

त्याच रोपवाटिकेत हायड्रेंजिआवर पाटी होती, "हरीण तोंड लावत नाही". विकणाऱ्यानेही ठासून सांगितलं. तपासायला म्हणून एक घेतला.

३ फेब्रुवारी

चाचणी आजपासून. एकदम सगळं लावून पस्तावण्यापेक्षा आठवडाभर हरणांनाच विचारायचं. पायवाटेच्या कडेला दहा कुंड्या एका ओळीत, तीन-तीन फुटांवर: रोझमेरी, लॅव्हेंडर, सेज, नेपेटा, गुलाबी वासाचं जिरेनियम, लँब्ज इअर, गवती चहा, सदाफुली, झेंडू, हायड्रेंजिआ. कुंड्या अर्ध्या मातीत पुरल्या, नाहीतर नाकाने ढकलून पाडतील. रोज संध्याकाळी जागा बदलायच्या, म्हणजे वाटेवरची पहिली कुंडी नेहमी तीच नको.

अकरावी कुंडी घेवड्याची. ही सगळ्यात महत्त्वाची. हरणं घेवडा सोडत नाहीत. सकाळी बाकीच्या कुंड्या शाबूत दिसल्या तर दोन शक्यता उरतात: झाड नकोसं वाटलं, किंवा हरणं आलीच नाहीत. घेवडा खाल्लेला असेल तरच त्या रात्रीची नोंद धरायची. कोपऱ्यातल्या खांबाला रात्री आपोआप फोटो काढणारा कॅमेरा बांधला.

१० फेब्रुवारी

सात रात्रींपैकी पाच रात्री धरण्यासारख्या. दोन रात्री घेवडा जसाच्या तसा, त्या सोडून दिल्या.

हायड्रेंजिआ पहिल्याच रात्री संपला, काड्या उरल्या. झेंडूची फुलं आणि कळ्या खाल्ल्या, पानं नाहीत. झेंडूच्या पानाला उग्र वास असतो, तो नको, पण फूल चालतं असं दिसतंय. सदाफुलीचा एक शेंडा तोडून तिथेच टाकलेला. तिच्यात कडू अल्कलॉइड असतात. व्हिनक्रिस्टिन आणि व्हिनब्लास्टिन ही कॅन्सरवरची औषधं याच झाडातून मिळाली. जिरेनियमचं एक पान फाटलेलं आणि कुंडीशेजारी पडलेलं, म्हणजे चव घेऊन थुंकलं. रोझमेरी, लॅव्हेंडर, सेज, नेपेटा, लँब्ज इअर, गवती चहा यांना पाचही रात्री काही नाही.

कॅमेऱ्यात एक मोठी मादी आणि एक लहान, बहुतेक तिचं गेल्या वर्षीचं पिल्लू. मादी सरळ घेवड्याकडे जाते. पिल्लू प्रत्येक कुंडीला नाक लावतं. जिरेनियमचं पान त्यानेच तोडलं. नवख्या हरणाला सगळ्याची चव बघायची असते, त्यामुळे थोडी कुरतड दरवर्षी होणार हे धरून चालायचं.

१४ फेब्रुवारी

हरणं ज्यांना सहसा तोंड लावत नाहीत अशी काही झाडं मी घेतली नाहीत. त्यांची कारणं लिहून ठेवते, कारण नंतर कोणीतरी "कण्हेर का नाही लावलीस" म्हणून विचारणारच.

कण्हेर हरणं टाळतात, फॉक्सग्लोव्ह हे फुलझाडही. दोन्हीत हृदयावर परिणाम करणारी ग्लायकोसाइड नावाची विषारी द्रव्यं आहेत. डिजॉक्सिन हे हृदयाचं औषध फॉक्सग्लोव्हच्याच भाऊबंदातून मिळतं. औषध म्हणून मोजून दिलं तर ठीक, बागेत पान चुरडून बोट तोंडाला लागलं तर नाही. बाबा प्रत्येक झाड हाताने ओळखतात आणि सुट्टीत नातवंडं येतात. तेव्हा या बागेत ही दोन्ही नाहीत. निवडुंगासारख्या दिसणाऱ्या युफोर्बियाचा चीक कातडीला आणि डोळ्याला भाजतो, तोही नको. बाबा हात धुवायच्या आधी डोळे चोळतात.

घाणेरी, म्हणजे लँटाना. फुलं सुंदर, हरणं तिला टाळतात, पाणी लागत नाही. पण मूळच्या उष्ण अमेरिकेतल्या या झुडपाने जगभरात किती रानं गिळली आहेत. पक्षी फळं खातात आणि बिया दूर टाकतात. आमच्या पायवाटेपलीकडे झुडपं सुरू होतात. मी इथे घाणेरी लावली तर चार वर्षांत ती त्यांच्यात शिरेल आणि हरणांचा खरा चारा कमी होईल, मग ती जास्तच इकडे येतील. जॅपनीज बारबेरी या काटेरी झुडपाचं अमेरिकेच्या ईशान्य भागात असंच झालं: हरणं तिला सोडतात, बाकीचं खातात, आणि रानात तीच माजते. रानाच्या कडेला बाग करणाऱ्याने हरणांच्या यादीबरोबर रानात माजणाऱ्या झाडांची यादीही आधी बघावी, असं मला मनापासून वाटतं. हरणांपासून बाग वाचवायची तर ती रानाच्या जिवावर नको.

२३ फेब्रुवारी

लागवड झाली. पायरीपासून: मोगरा आहे तिथेच. मग सहा फूट रोझमेरी, दोन्ही बाजूंनी. मग जिरेनियमच्या सहा कुंड्या जमिनीत उतरवल्या, जिथे गुलाब होते बरोबर तिथे. त्यापुढे नेपेटा आणि लॅव्हेंडर, शेवटी गवती चहाचे चार गड्डे, आणि बाकाशी लिंबू. बाकाच्या हाताशी लँब्ज इअर, बसल्यावर हात खाली सोडला की लागेल असं. पायवाटेच्या बाजूने, सगळ्यांच्या पुढे, सेजची ओळ. हरीण येतं तिथून त्याला आधी उग्र वास लागायला हवा.

झाडं वाटेच्या कडेला जरा पुढे झुकतील अशी लावली. बाबांचा हात किंवा धोतराचा काठ घासला की वास सुटेल.

२ मार्च

सकाळी नेपेटाची तीन आणि सेजची दोन रोपं मुळासकट उपटलेली. एकही पान खाल्लेलं नाही. ताज्या लावलेल्या रोपाची मुळं अजून धरलेली नसतात, हरीण चव बघायला हिसका देतं आणि आख्खं रोप हातात यावं तसं वर येतं. पाचही परत लावली, भरपूर पाणी दिलं. यापुढे प्रत्येक नव्या रोपावर महिनाभर जाळीची टोपी, चारी बाजूंना तारेचे आकडे मातीत रोवून. हे आधीच करायला हवं होतं.

अंड्याचं पाणीही सुरू केलं: एक भाग अंडं, चार भाग पाणी, फेटून, फडक्याने नीट गाळून, कारण अंड्यातला पांढरा धागा फवारणीच्या तोटीत अडकतो. पानावर ते वाळतं आणि कुजक्या प्रथिनाचा जो वास येतो तो हरणाला शिकारी जनावराची चाहूल वाटतो. आपल्याला वाळल्यावर जाणवत नाही. बाबांना मात्र दोन दिवस जाणवला. म्हणून फवारणी फक्त बाहेरच्या सेजवर.

२६ मार्च

माझी चूक झाली. जिरेनियम जोमाने वाढावं म्हणून सहापैकी दोन झाडांना नत्राचं खत जरा सढळ हाताने दिलं. तीन आठवड्यांत पानं मोठी, मऊ, रसरशीत झाली, आणि काल रात्री दोन झाडांचे शेंडे गेले. खत न दिलेल्या चार झाडांना काही झालेलं नाही. भरपूर नत्र मिळालेला कोवळा कोंब हरणाला जास्त पौष्टिक आणि कमी उग्र लागतो. रोपवाटिकेतून नुकतंच आणलेलं झाड आधी का खाल्लं जातं, त्याचंही कारण हेच, तिथे त्याला पाणी-खत पोटभर मिळालेलं असतं.

बाबांनी पान चुरडून बघितलं. "हे पाणचट झालंय," म्हणाले. हरणाच्या आधी त्यांना विचारायला हवं होतं. खत बंद. पाणीही कमी.

१८ एप्रिल

आज जे पाहिलं ते सविस्तर लिहिते.

पावणेसहा. बाबा आणि मी खिडकीशी, दिवा बंद. मादी पायवाटेवरून आली. कान आधी पुढे, मग एक कान मागे. सेजच्या ओळीशी थांबली. मान खाली केली, पण तोंड झाडापासून वीतभर वरच राहिलं. नाकपुड्या फुलताना दिसत होत्या. वरचा ओठ एकदा थरथरला. मग तिने जिभेने स्वतःचं नाक चाटलं, ओलं नाक वास जास्त पकडतं, आणि पुन्हा हुंगलं. मी बाबांच्या कानात सगळं सांगत होते: आता थांबली, आता हुंगते, आता मान वळवली. सेज ओलांडून ती दोन पावलं आत आली. नेपेटाशी तेच. मग जिरेनियमकडे गेली, एक पान ओठांत धरलं, जबडा दोनदा हलला, आणि पान तोंडातून खाली पडलं. ती तशीच उभी राहून जीभ बाहेर काढून हवेत चाटत होती. मग वाटेच्या पलीकडच्या मोकळ्या जागेतलं साधं गवत खायला लागली. दहा मिनिटं गवत खाल्लं, मधून मान वर करून बघितलं, आणि निघून गेली.

"काय खाल्लं?" बाबांनी विचारलं.

"गवत, बाबा. नुसतं गवत."

"मग येऊ दे तिला."

ते गवत मी आता कापणार नाही. तिला काहीतरी मिळालं पाहिजे.

२० जून

सलग पाऊस. हरणं आलेली नाहीत, बाहेर सगळीकडे हिरवं आहे. बारा लॅव्हेंडरपैकी पाच मेली, आणि त्यात हरणांचा काही संबंध नाही. मुळं कुजली. उपटून बघितली तर काळी आणि मऊ.

याद्यांमधून हे नीट कळत नाही. हरणं टाळतात त्या सुगंधी झाडांपैकी लॅव्हेंडर, रोझमेरी, सेज ही भूमध्य समुद्राच्या आसपासच्या कोरड्या, खडकाळ, उन्हाच्या जागेतली आहेत. तेल त्यांच्यात तयार होतं तेही त्या कडक जगण्यात. त्यांना आपण चिकणमातीत, सावलीत, रोज पाणी घालून ठेवलं तर एक तर मरतात किंवा वास हरवतात. उरलेली सात लॅव्हेंडर उचलून आठ इंच उंच वाफा केला, निम्मी माती निम्मी बारीक खडी, वरून पालापाचोळ्याऐवजी खडीचंच आच्छादन. नेपेटा आणि जिरेनियम जरा सोशिक आहेत, ते तगले.

बाकाच्या मागचा कोपरा दिवसभर सावलीत असतो. तिथे यातलं काहीच जगणार नाही. तिथे नेचे लावले. हरणं नेचे सहसा खात नाहीत आणि त्यांना ओल हवीच असते. शिवाय कॅलेडियमचे चार कंद. त्याच्या पानातही अळूसारखे स्फटिक आहेत, म्हणून ते पार मागे, बाबांच्या हाताला लागणार नाहीत असे.

९ ऑगस्ट

नेपेटा निळ्या-जांभळ्या फुलांनी भरला आहे आणि त्यावर सकाळपासून मधमाश्या. बाबांनी तो टप्पा आता आवाजाने ओळखायला सुरुवात केली आहे. सकाळी सहाला माश्या नसतात तेव्हा वासाने, नऊला दुसरी फेरी मारतात तेव्हा गुणगुणीने. हे मी योजलेलं नव्हतं.

काकूंनी रोझमेरीची कलमं मागितली. चार इंचाचे शेंडे, खालची पानं काढून, वाळूत लावून दिले.

१२ ऑक्टोबर

लिंबाच्या खोडाची साल दीड-दोन फुटांवर सोलली गेली आहे, उभी, एकाच बाजूने. खाण्याची खूण नाही. हा नर आहे. शिंगं पूर्ण वाढली की त्यांच्यावरची मखमली कातडी सुकते, ती तो खोडावर घासून काढतो, आणि नंतर माद्यांच्या मोसमात खुणेसाठीही घासतो. मनगटाएवढी सरळ, गुळगुळीत खोडं त्याला आवडतात. वासाची, काट्याची कसलीच अडचण त्याला नाही, पान कितीही उग्र असलं तरी खोड ते खोडच. साल चारी बाजूंनी गेली तर झाड मरतं. जाड जाळीचं नळकांडं खोडाभोवती बसवलं, चार फूट उंच, खोडापासून दोन इंच सुटं. जखमेला काही लावलं नाही, सुटे धागे तेवढे साफ कापले.

नोव्हेंबरमध्ये लावायला डॅफोडिलचे तीस कंद आणले. ट्यूलिपचे नाही. ट्यूलिप हरणं फुलासकट खातात, डॅफोडिलमध्ये लायकोरिन नावाचं विषारी द्रव्य असतं, त्याला ती शिवत नाहीत. कंद लावताना हातमोजे घालायचे, रसाने हाताला खाज सुटते. ते काम माझं.

७ जानेवारी

वर्ष व्हायला दोन दिवस कमी. बाहेर गवत वाळलं आहे आणि हरणं परत यायला लागली आहेत, कॅमेऱ्यात आता तीन. वर्षात गेलेलं सगळं मोजलं: जिरेनियमचे शेंडे दोनदा, सदाफुलीच्या सहा-सात फांद्या, एक नेपेटा पुरता तुडवला गेला, उपटलेली पाच रोपं, पाचही जगली. लॅव्हेंडर पाच गेली, ती पावसाने. रोझमेरी, सेज, गवती चहा, लँब्ज इअर यांचं आजपर्यंत एक पानही गेलेलं नव्हतं.

आज सकाळी बाबा पायरीवरून निघाले. मी मागे होते. मोगरा गेला, रोझमेरी सुरू झाली, ते हात कडेने घासत चालले होते. तिसऱ्या झाडाशी थांबले. हात मागे नेला. एक शेंडा बोटांत धरला आणि त्यावर अंगठा फिरवला, एकदा, दोनदा. मला तिथे काहीच दिसत नव्हतं, उजेडही पुरता नव्हता.

"इथे आलं होतं," बाबा म्हणाले. "ससा नाही. दोरे लागतायत."

बॅटरी आणून बघितलं. रोझमेरीचे चार शेंडे, अडीच फुटांवर, फाटलेले. चारही खाली पडलेले, एकही खाल्लेला नाही. ते उचलून बाबांच्या हातात दिले. त्यांनी ते हुंगले, खिशात घातले आणि जिरेनियमच्या दिशेने पुढे गेले.

उद्या सेजवर अंड्याचं पाणी. रोझमेरीवर नको.